व्हीआर हेडसेट जड वाटतोय? आधी पट्टा नीट बसवा, वजनाचं नंतर बघू

मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या व्हीआर हेडसेटचं वजन ५०३ ग्रॅम, क्वेस्ट ३ चं ५१५. दोन्हींबद्दल तक्रार एकच: वीस मिनिटांत गालाची हाडं ठणकतात, कपाळावर लाल वळ उठतो, मान भरून येते. मग लोक मागचा पट्टा आणखी आवळतात, नाहीतर डोक्यामागे लावायची बॅटरी मागवून मोकळे होतात. पट्टा आवळला की गालावरचा दाब वाढतो. आणि पट्टाच चुकीचा बसलेला असेल, तर बॅटरी लावून मानेवर आणखी पाव किलो चढवण्यापलीकडे काही होत नाही.

त्रास एकूण ग्रॅमचा कमी आणि ते ग्रॅम तोंडापुढे लोंबत असतात त्याचा जास्त. अ‍ॅपलचं उदाहरण बघा. त्यांचा पहिला व्हिजन प्रो हेडसेट ६०० ते ६५० ग्रॅमचा होता. २०२५ च्या आवृत्तीसोबत आलेल्या पट्ट्यात तोल साधायला मागच्या बाजूला टंगस्टन या जड धातूचे तुकडे घातले आहेत आणि हेडसेटचं वजन ७५० ते ८०० ग्रॅमवर गेलं आहे. ग्रॅम वाढवायचे की कमी करायचे, हे त्यामुळे सगळ्यात शेवटी ठरवायचं.

खालची कृती क्वेस्ट २, ३ आणि ३एस धरून दिली आहे. पिको किंवा इतर हेडसेटला क्रम तोच ठेवा, भाग थोडे वेगळे असतील. टप्पे मात्र याच क्रमाने करा. तिसरा टप्पा सोडून सहावा केला की मागे लागेल त्यापेक्षा जास्त वजन चढतं.

आधी हे जमवून ठेवा

- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा
- पट्टी, गोल पेन्सिल, मास्किंग टेप
- २.५ सेंटीमीटर रुंद वेल्क्रो, साधारण १ मीटर (शिलाईच्या साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळतो)
- एक जुना मोजा आणि दहा रुपयांची वीस-पंचवीस नाणी. एक नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणजे १३ नाण्यांचे १०० ग्रॅम होतात
- लेन्ससाठी कोरडं मायक्रोफायबर फडकं

सावधान: हेडसेट पूर्ण बंद करून काम करा आणि खिडकीजवळ बसू नका. लेन्समधून आत गेलेलं ऊन पडद्यावर एका बिंदूत एकवटतं आणि तिथे कायमचा डाग पडतो. हेडसेट उलटा ठेवावा लागला तर लेन्सवर फडकं टाका.

## टप्पा १: मोजमाप

पट्टा काढून फक्त पुढचा भाग काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. फोमची चौकट काढून तिचंही वेगळं वजन करा. वर चढवलेलं सिलिकॉनचं कव्हर, पुढच्या काचेवरचं संरक्षक कवच, बाहेरून घेतलेली जाड गादी असं काही असेल, तर प्रत्येक वस्तू स्वतंत्र मोजा. कंपनीच्या आकड्यात ही भर धरलेली नसते, त्यामुळे तुमच्या काट्यावरचा आकडाच कामाचा.

आता भाराची जागा शोधायची. फोमची चौकट परत बसवा. टेबलावर पेन्सिल आडवी ठेवून तिच्यावर हेडसेटचा पुढचा भाग घालताना असतो तसा ठेवा आणि मागेपुढे सरकवा. ज्या जागी तो क्षणभर तोलून राहतो तिथे मास्किंग टेपची खूण करा. फोमच्या कडेपासून या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग कपाळापासून कानाच्या छिद्रापर्यंतचं आडवं अंतर त्यात मिळवा. मान साधारण कानाच्या रेषेत डोकं तोलते, म्हणून माप तिथून घ्यायचं.

उदाहरणार्थ, पुढचा भाग ४५० ग्रॅम आणि एकूण अंतर १३ सेंटीमीटर धरा. ४५० गुणिले १३ म्हणजे ५,८५० ग्रॅम-सेंटीमीटर. मानेला पेलावी लागते ती ही ओढ. पुढच्या प्रत्येक टप्प्यात आपण हाच आकडा खाली आणणार आहोत.

## टप्पा २: पट्टे, योग्य क्रमाने

बऱ्याच लोकांचं काम इथेच होतं. पैसाही लागत नाही.

१. तिन्ही पट्टे, म्हणजे दोन्ही बाजूंचे आणि डोक्यावरचा, पूर्ण ढिले करा.

२. पुढचा भाग एका हाताने डोळ्यांवर धरा आणि मागचा त्रिकोण (डोक्यामागे पट्टे फाकून होतो तो) दुसऱ्या हाताने खाली ओढा. कवटीच्या मागे हाताला लागणारा जो उंचवटा आहे, त्याच्या खाली त्रिकोणाची खालची पट्टी अडकली पाहिजे. ती उंचवट्यावर राहिली तर दर दोन मिनिटांनी वर सरकते, आणि ती सरकते म्हणून माणूस आवळत जातो.

३. बाजूचे पट्टे फक्त हेडसेट पडणार नाही इतपतच ओढा.

४. पुढचा भाग वर-खाली करून अक्षरं कुठे स्पष्ट दिसतात ते बघा, मग दोन लेन्समधलं अंतर आपल्या बुबुळांमधल्या अंतराशी जुळवा. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलीमीटर अशा तीनच जागा आहेत. क्वेस्ट ३ मध्ये खाली चाक आहे.

५. आता डोक्यावरचा पट्टा ओढा. गालावरचा दाब उतरल्याचं जाणवेपर्यंत ओढत राहा. वजन उचलायचं काम याच पट्ट्याचं आहे आणि बहुतेकांकडे तो नुसताच डोक्यावर पडलेला असतो.

६. बाजूचे पट्टे पुन्हा थोडे सैल करा. ही पायरी जवळपास सगळेच विसरतात. वरच्या पट्ट्याने भार घेतला की बाजूच्या पट्ट्यांना हेडसेट डोलू न देण्यापुरतंच काम उरतं.

चौथ्या पायरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. चित्र धूसर दिसलं की हात आपोआप पट्ट्याकडे जातो, कारण हेडसेट चेहऱ्यावर दाबल्यावर क्षणभर स्पष्ट दिसतं. खरा दोष उंचीचा किंवा लेन्सच्या अंतराचा असतो. क्वेस्ट २ च्या फ्रेनेल (गोल खाचांच्या) लेन्समध्ये स्पष्ट दिसण्याची जागा लहान आहे, त्यामुळे त्यात ही गडबड जास्त होते. स्पष्टतेसाठी आवळायची वेळ आली की समजा, चौथी पायरी नीट झालेली नाही.

तपासणी: बसच्या तिकिटाएवढी कागदाची पट्टी कापा. हेडसेट घातलेला असताना ती आधी कपाळ आणि फोमच्या मध्ये, मग दोन्ही गालांशी सरकवून ओढा. सगळीकडे सारख्याच हलक्या अटकावाने निघाली तर दाब सारखा वाटला गेला आहे. गालाशी अडकली तर वरचा पट्टा अजून ओढा. कपाळाशी अडकली आणि गालाशी सुटी निघाली तर पुढचा भाग थोडा खाली झुकवा.

अंबाडा किंवा वेणी असेल तर ती त्रिकोणाच्या मोकळ्या जागेतून बाहेर आली पाहिजे. पट्ट्याखाली दबलेला अंबाडा उशीसारखा दबतो आणि सुटतो, तसा हेडसेटही दर मिनिटाला जागा सोडतो. सैल, खाली बांधलेली वेणी सगळ्यात सोयीची.

## टप्पा ३: हेडसेट चेहऱ्याजवळ आणा

क्वेस्ट २ च्या खोक्यात चष्म्यासाठी एक जाड चौकट येते. चष्मा नसतानाही ती आत बसवून वापरणारे पुष्कळ आहेत, वापरलेला हेडसेट विकत घेणारे तर विशेष. ती काढा. क्वेस्ट ३ मध्ये फोमच्या चौकटीच्या आतल्या बाजूची बटणं दाबून खोली चार टप्प्यांत बदलता येते. सगळ्यात जवळच्या खाचेपासून सुरुवात करा आणि पापण्या लेन्सला लागत असतील तरच एक खाच पुढे जा.

एवढ्याने काय होणार, असं वाटेल. वरच्याच उदाहरणात हेडसेट ८ मिलीमीटर आत आला तर ४५० गुणिले ०.८ म्हणजे ३६० ग्रॅम-सेंटीमीटरची ओढ कमी होते. डोक्यामागे १० सेंटीमीटरवर ३६ ग्रॅम वजन टांगून जे मिळालं असतं, ते एक ग्रॅमही न वाढवता मिळतं. वर दृश्यही रुंद दिसतं.

चष्मा लागणाऱ्यांनी हेडसेटमध्ये बसणाऱ्या नंबरच्या लेन्स करून घ्याव्यात. त्यांचं वजन किरकोळ असतं, हेडसेट आत आणता येतो आणि चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सवर घासून ओरखडे पडत नाहीत. ते ओरखडे पुन्हा जात नाहीत.

## टप्पा ४: चेहऱ्याची गादी

जाड, गुबगुबीत गादी म्हणजे जास्त आराम, हा समज सोडा. ५ मिलीमीटर जाडी वाढली की हेडसेट तेवढाच पुढे गेला आणि तिसऱ्या टप्प्यातली कमाई पाण्यात. गादी रुंद हवी, जाड नको. दाब जेवढ्या जास्त जागेवर पसरेल तेवढं हाड कमी दुखतं.

गादी बसवताना दोन्ही लेन्सच्या मधला छोटा सेन्सर झाकू नका. तो झाकला गेला तर हेडसेटला वाटतं तुम्ही तो घालूनच बसला आहात. पडदा बंद होत नाही आणि बॅटरी उतरून जाते.

क्वेस्ट २ जुना किंवा वापरलेला घेतला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. त्याच्या सुरुवातीच्या फोममुळे काहींच्या त्वचेवर पुरळ आल्याने २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख फोम-कव्हरं परत मागवली गेली आणि वरून चढवायला सिलिकॉनचं आवरण दिलं गेलं. उघडा जुना फोम असेल आणि चेहऱ्याला खाज सुटत असेल, तर दोष पट्ट्याला देऊ नका. गादी बदला.

## टप्पा ५: पट्टा बदलायचा का?

वरचे टप्पे करून दोन-तीन दिवस वापरा. मग त्रास कुठे होतो त्यावरून ठरवा.

गाल आणि नाक अजून दुखत असेल तर कपाळावर टेकणारा हॅलो पद्धतीचा पट्टा घ्या. त्यात भार कपाळ आणि डोक्यामागची गादी उचलतात आणि हेडसेट डोळ्यांपुढे नुसता टांगलेला राहतो. अशा पट्ट्यात कपाळाची गादी भुवयांच्या वर, केसांच्या रेषेच्या जवळ बसवा. भुवयांवर बसवली तर अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं आणि लोक पट्ट्याला नावं ठेवतात.

मान दुखत असेल आणि चेहरा ठीक असेल तर मागे कडक आधार आणि फिरवायची चकती असलेला पट्टा पुरे. चकती करकचून फिरवू नका. प्लास्टिकचे हात वळणाच्या जागी तडकतात, आणि ते बहुधा हेडसेट काढताना तडकतात. काढण्याआधी चकती दोन-तीन आटे सैल करायची सवय लावून घ्या.

मूळ कापडी पट्टा ठेवणार असाल तर सहाव्या टप्प्यात १०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. कापड ताणतं, मागचं वजन मानेकडे घसरतं, पुढचा भाग वर उचलला जातो आणि नाकाशी फट पडून उजेड आत येतो.

## टप्पा ६: मागचं वजन

आता हिशोब बघा. ५,८५० ग्रॅम-सेंटीमीटरची ओढ पूर्ण तोलायची तर डोक्यामागे १० सेंटीमीटरवर ५८५ ग्रॅम लागतील. म्हणजे डोक्यावर एक किलोच्या वर भार. मान पुढे झुकणार नाही, पण मणक्यावर तो सगळा भार सरळ खाली बसेल आणि डोकं फिरवताना, थांबवताना जोर लागेल. पूर्ण तोल हे आपलं ध्येय नाही. चौथा ते तिसरा हिस्सा तोलला तरी फरक स्पष्ट कळतो, म्हणजे या उदाहरणात साधारण १५० ते २०० ग्रॅम.

बाजारातून काही आणण्याआधी नाण्यांनी चाचणी घ्या.

१. मोज्यात १३ नाणी घाला, खुळखुळणार नाहीत अशी घट्ट गुंडाळा आणि पुरचुंडीचं वजन करा.

२. वेल्क्रोने ती मागच्या पट्ट्याला, कवटीच्या उंचवट्याच्या पातळीवर किंवा किंचित वर बांधा. खाली लोंबली तर ती पट्टा खाली ओढते आणि तोलायचं काम करत नाही.

३. बाजूचे पट्टे आणखी किंचित सैल करा. वजन वाढवलं आणि पट्टे तसेच आवळलेले ठेवले तर काहीच हाती लागत नाही.

४. १५ मिनिटं वापरा. मग हनुवटी छातीकडे नेऊन खाली बघा. पुढचा भाग घसरला तर चार नाणी, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम वाढवा आणि पुन्हा बघा.

५. घसरणं थांबलं की वाढवणं थांबवा. नाणी मोजून आकडा लिहून ठेवा.

बसून चित्रपट बघणाऱ्याला २०० ग्रॅमपर्यंत चालून जातं. उड्या मारायच्या, मान झटकायच्या खेळांसाठी १०० ते १५० वरच थांबा. डोकं फिरवताना लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे लांब मागे लावलेलं वजन बसल्या जागी सुखाचं आणि खेळताना नकोसं वाटतं.

आकडा ठरला की नाण्यांच्या जागी कायमची वस्तू. दोन पर्याय चांगले आहेत. टायरच्या दुकानात चाकाचं बॅलन्सिंग करताना लावतात त्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या घ्या आणि कापडी पिशवीत शिवून टाका. लोखंडी मागा, शिसं अंगाजवळ नको. दुसरा पर्याय चपटी पॉवर बँक. ५,००० एमएएचची पॉवर बँक बरेचदा १०० ते १३० ग्रॅमची असते, १०,००० ची २०० च्या आसपास. पण खोक्यावरच्या आकड्यावर न जाता काट्यावर ठेवून बघा.

पॉवर बँक लावताना: केबल ३० ते ५० सेंटीमीटरची, हेडसेटकडचं टोक काटकोनातलं. ती पट्ट्याच्या हाताला वेल्क्रोने दोन ठिकाणी बांधा आणि पोर्टपाशी बोटभर ढील ठेवा. मान वळवताना ताण पोर्टवर येता कामा नये. पट्ट्याच्या हातांमध्येच स्पीकर असतात, त्यांच्या फटी वेल्क्रोने बंद करू नका. पिशवी जाळीची हवी, कारण पॉवर बँक तापते. फुगलेली, पडून चेपलेली किंवा बिननावाची पॉवर बँक डोक्याला बांधायची नाही, मग ती कितीही नेमक्या वजनाची असो.

बॅटरी जास्त वेळ हवी आहे आणि मागे वजन नको आहे? मग पॉवर बँक खिशात ठेवा आणि दीड-दोन मीटरची केबल पाठीवरून सोडा. पुढून सोडली तर हात अडकतो.

## टप्पा ७: खरोखर ग्रॅम कमी करायचे तर

पहिल्या टप्प्यातली यादी काढा. पुढच्या काचेवरचं कवच, रंगीत खोळ, दुहेरी कव्हर, पंखा असलेली गादी हे सगळं पुढे टांगलेलं असतं. पुढचे ४० ग्रॅम उतरवले तर मागचे पन्नासेक ग्रॅमही उतरवता येतात, म्हणजे फायदा दुप्पट. घरात वापरायच्या हेडसेटला कवचाची गरज क्वचितच असते.

हॅलो पट्टा असेल तर फोमच्या चौकटीच्या जागी मोकळी, हलकी चौकट लावता येते. गाल मोकळे राहतात, वारा लागतो, घाम कमी येतो. बाहेरचा उजेड मात्र आत येतो, त्यामुळे चित्रपट बघणाऱ्याला ती आवडणार नाही. चौकट काढून काहीच न लावता वापरणं चूक आहे. धक्का लागला की लेन्स थेट भुवईवर किंवा चष्म्यावर आपटते.

हेडसेट उघडून आतलं काही काढायचा विचार डोक्यातून काढा. आतल्या धातूच्या पट्ट्या आणि पंखा उष्णता बाहेर नेतात, कॅमेऱ्यांची जागा कारखान्यात जुळवलेली असते आणि लिथियम बॅटरीला स्क्रूड्रायव्हर लागला तर आग लागू शकते. भोकं पाडून हलका केलेला हेडसेट हाताची जागा चुकीची दाखवायला लागतो, तो पुन्हा ताळ्यावर येत नाही.

अगदी हलकाच हवा असेल तर हेडसेटचा प्रकार बदलावा लागतो. २०२३ चा बिगस्क्रीन बियाँड १२७ ग्रॅमचा आहे. पण त्याला तगडा संगणक, वायर आणि खोलीत लावायची बेस स्टेशनं (हेडसेटची जागा ओळखायला मदत करणारी यंत्रं) लागतात. संगणक आणि बॅटरी डोक्यावरून उतरवल्यामुळेच तो इतका हलका झाला.

## टप्पा ८: चाचणी आणि खुणा

पहिल्या दिवशी १० मिनिटं, दुसऱ्या दिवशी २०, मग ४०. हेडसेट काढल्यावर आरशात बघा. लाल वळ १०-१५ मिनिटांत गेला तर ठीक; तासभर राहिला तर त्या जागी दाब जास्त आहे, दुसऱ्या टप्प्यातली कागदाची तपासणी पुन्हा करा. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली किंवा मानेतून कळ आली तर तिथेच थांबा. मानेच्या मणक्याचा जुना त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागचं वजन लावू नये, आणि मुलांच्या डोक्यावर तर एक नाणंही वाढवू नका. क्वेस्टसाठी मेटाची किमान वयाची अट १० वर्षं आहे.

सगळं जमलं की पट्ट्यांवर, सरकपट्टी जिथे थांबते तिथे, रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला. घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर प्रत्येकाचा रंग वेगळा. हे न केल्यास धाकट्याने वापरून ठेवलेला हेडसेट मोठा तसाच ओढून घालतो आणि दोन दिवसांनी पुन्हा गाल दुखल्याची तक्रार येते.

मुंबई-कोकणात, गोव्यात पावसाळ्यात घामट फोम आणि कापडी पट्टा वाळत नाही, बुरशीचा वास धरतो, लेन्सवरही डाग येऊ शकतात. वापरल्यावर गादी काढून पंख्याखाली वाळवा आणि हेडसेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पट्टा धुतलात तर पूर्ण वाळल्यावरच वजन लावा. ओलं कापड लवकर ताणतं. टाक्याच्या खुणेवर बसवूनही पुढचा भाग घसरत असेल तर पट्टा सैलावला आहे. खूण अर्धा सेंटीमीटर आत घ्या, मागे नाणी वाढवू नका.